वर शून्य, खाली शून्य, मध्ये शून्य: भागाकारातल्या शून्याचा ताळा

४२१८ ला ६ ने भागून एक मूल ७३ लिहिते. दुसरे मूल १२ ÷ ० चे उत्तर १२ लिहिते. चूक दोघांचीही शून्यापाशीच झालेली असते, पण जात वेगळी. पहिल्याचे शून्य लिहायचे राहून गेले, तर दुसऱ्याने जिथे उत्तरच नाही तिथे उत्तर लिहिले. दोघांना एकच वाक्य ऐकवले, 'शून्याकडे नीट लक्ष दे', तर दोघांपैकी कुणालाच फायदा होत नाही.

घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना आणि चौथी ते नववीच्या शिक्षकांना उपयोगी पडेल अशा बेताने इथे शून्याच्या जागा एकेक करून घेतल्या आहेत. सगळीकडे हत्यार एकच आहे, ते म्हणजे ताळा. भागाकाराचा ताळा गुणाकाराने घेता येतो एवढे ज्याला पक्के कळले, त्याला शून्याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आधी 'ला' आणि 'ने'

'शून्याला भागले तर शून्य, शून्याने भागले तर निरर्थक.' हे वाक्य बहुतेक मुलांना येते आणि परीक्षेत बहुतेकांचे उलटेही होते. त्यात दोष मुलांचा नाही. दोन्ही अर्धुकांत फरक फक्त 'ला' आणि 'ने' एवढाच आहे, आणि वाचताना प्रत्यय गिळले जातात. त्यातून आपण 'बारा भागिले शून्य' असे म्हणतो, तेव्हा तर प्रत्ययच उरत नाही.

म्हणून पहिली सवय ही लावा: चिन्ह दिसले की वाक्य पूर्ण म्हणायचे. १२ ÷ ० म्हणजे 'बाराला शून्याने भागणे'. ० ÷ १२ म्हणजे 'शून्याला बाराने भागणे'. ज्याला 'ला' लागला तो भाज्य, ज्याला 'ने' लागला तो भाजक. अपूर्णांकातही हेच आहे. ०/७ वाचताना 'शून्य छेद सात' म्हणा आणि लगेच पुढे 'म्हणजे शून्याला सातने भागणे' हेही म्हणा. अंश म्हणजे भाज्य आणि छेद म्हणजे भाजक हे नाते इथेच जोडून द्यावे. नाहीतर मूल भागाकाराचा धडा आणि अपूर्णांकाचा धडा असे दोन वेगळे विषय समजून बसते आणि दोन्हीकडे शून्याची तीच चूक करते.

आता ताळा. भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. याच्या जोडीला दोन अटी आहेत आणि त्या सहसा सांगायच्या राहून जातात. बाकी भाजकापेक्षा लहान हवी. आणि असे उत्तर एकच निघायला हवे. या दोन अटी पुढे फार कामाला येणार आहेत.

शून्य वर असेल तर

० ÷ ७ घ्या. ताळा विचारतो, ७ ला कितीने गुणले की ० येतात? शून्याने. दुसरी कुठली संख्या चालते का? ७ × १ = ७, ७ × २ = १४, कुठेच शून्य येत नाही. उत्तर आहे आणि ते एकच आहे. ० ÷ ७ = ०, बाकी ०. डब्यात लाडू नाहीत, मुले सात आहेत, तर प्रत्येकाला शून्य लाडू. व्यवहारालाही हे पटते.

यातून अपूर्णांकांच्या तीन गोष्टी निघतात. ०/७, ०/५, ०/१०० हे सगळे सममूल्य आहेत, कारण सगळ्यांची किंमत ०. म्हणून ३/४ + ०/७ मध्ये छेद समान करत बसायची गरज नाही. केले तरी २१/२८ + ०/२८ = २१/२८ म्हणजे पुन्हा ३/४ च येते, आणि एकदा तसे करून दाखवलेले बरे. मिश्र अपूर्णांकात १०/५ चे रूपांतर कुणी 'दोन पूर्णांक शून्य छेद पाच' असे केले, तर ते चूक नाही, फक्त अर्धवट आहे. ०/५ गाळून २ लिहायचे.

अंश शून्य असलेला अपूर्णांक दिसला की काही मुले घाबरून 'निरर्थक' लिहून मोकळी होतात. 'शून्य आणि अपूर्णांक' एवढेच डोक्यात राहिल्याचे हे लक्षण आहे. त्यांना नियम पुन्हा सांगू नका, ताळा घ्यायला लावा.

शून्य खाली असेल तर

१२ ÷ ०. ताळा विचारतो, ० ला कितीने गुणले की १२ येतात? एकाने गुणले, शून्य. शंभराने गुणले, शून्य. कोटीने गुणले तरी शून्यच. बारा कधीच येत नाहीत, म्हणून उत्तर नाही. 'उत्तर शून्य' आणि 'उत्तर नाही' यांत फरक आहे हे इथे थांबून सांगा. ० ही एक संख्या आहे आणि तिला संख्यारेषेवर जागा आहे. '१२ ÷ ०' ला संख्यारेषेवर कुठेच जागा नाही.

भागाकार म्हणजे पुन:पुन्हा वजाबाकी, ही बाजूही दाखवावी. १२ मधून ४ वजा करत गेलो की तीन फेऱ्यांत संपतात, म्हणून १२ ÷ ४ = ३. आता १२ मधून ० वजा करत चला. वहीचे पान भरले तरी १२ च्या जागी १२ च राहतात.

वाटणीचे उदाहरण मात्र इथे जपून वापरा. 'बारा लाडू शून्य मुलांना वाटले तर?' असे विचारले की हुशार मूल चटकन म्हणते, 'मग बाराच उरतील, उत्तर १२.' त्याचा विचार खोटा नाही. लाडू खरोखरच डब्यात राहतात. पण त्याने सांगितली ती बाकी आहे, भागाकार नव्हे. तीही नियमाची बाकी नाही, कारण बाकी भाजकापेक्षा लहान हवी आणि १२ काही शून्यापेक्षा लहान नाहीत. भागाकार म्हणजे 'एकाच्या वाट्याला किती'. जिथे एकही जण नाही, तिथे एकाच्या वाट्याचा प्रश्नच उभा राहत नाही. मुलाला त्याचे निरीक्षण बरोबर असल्याचे सांगून मग ते चुकीच्या खणात ठेवले गेल्याचे दाखवा. तसे केले तर त्याला ते कायमचे कळते.

यापुढचा प्रश्न 'मग उत्तर अनंत का नाही?' हा असतो. तो सहावी-सातवीत येतोच. मुलाने कॅल्क्युलेटरवर करून पाहिलेले असते:

१२ ÷ ०.१ = १२०
१२ ÷ ०.०१ = १२००
१२ ÷ ०.००१ = १२०००

भाजक शून्याकडे सरकतो तसे उत्तर फुगत जाते, हे खरे. पण शून्याकडे दुसऱ्या बाजूनेही येता येते. १२ ÷ (−०.१) = −१२०, १२ ÷ (−०.०१) = −१२००. इकडून उत्तर खाली खोल जाते. शून्यावर पोचल्यावर वरचे धरायचे की खालचे? शिवाय १ ÷ ० आणि २ ÷ ० दोन्ही 'अनंत' मानले तर ती दोन्ही सारखी झाली, आणि शून्याने गुणून परत येऊ म्हटले तर १ आणि २ यांतले कोणते मिळेल ते सांगता येत नाही. म्हणून शालेय अंकगणितात 'अनंत' हे उत्तर लिहीत नाहीत. 'शून्याने भागता येत नाही' असे लिहितात.

वर आणि खाली दोन्हीकडे शून्य

० ÷ ० मध्ये अडचण वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे न सांगणे ही शिकवण्यातली मोठी त्रुटी वाटते. ताळा विचारतो, ० ला कितीने गुणले की ० येतात? पाचाने? चालते. चाळीसने? चालते. शून्याने? तेही चालते. १२ ÷ ० ला एकही उत्तर नव्हते, तर ० ÷ ० ला वाटेल ती संख्या उत्तर म्हणून चालते. उत्तर एकच हवे ही अट मोडली, म्हणून उत्तर ठरत नाही.

'मग आपण ठरवून टाकू की ते ०, किंवा १' असे कुणी म्हटले तर ते करून पाहावे. १ मानू या. २ × (०/०) हे एकीकडे २ × १ = २. दुसरीकडे अंशात गुणले तर (२ × ०)/० = ०/० = १. म्हणजे २ = १. बरे, ० मानू या. बेरजेचा नेहमीचा नियम लावा, छेदांचा गुणाकार खाली आणि तिरकस गुणाकारांची बेरीज वर. ०/० + १/१ = (० × १ + १ × ०)/(० × १) = ०/०. डावी बाजू ० + १ = १, उजवी बाजू ०. म्हणजे १ = ०. कुठलीही किंमत ठरवली की अपूर्णांकांचे रोजचे नियमच कोसळतात.

तिरकस गुणाकाराची आणखी एक फसवणूक याच जागी आहे. दोन अपूर्णांक सममूल्य आहेत का हे पाहायला आपण तिरकस गुणतो. ०/० आणि ३/४ घेतले तर ० × ४ = ० × ३, दोन्हीकडे शून्य, म्हणजे 'सममूल्य'! ५/९ घेतला तरी तेच. कसोटी चुकीची नाही, ती लावण्याआधी छेद शून्य नाही ना हे पाहायचे राहिले आहे. परिमेय संख्येच्या व्याख्येत 'छेद शून्य नसावा' ही अट असते ती याच कारणाने. मुले ती अट छापील शोभा समजून ओलांडतात.

तीन्ही प्रकार एकत्र दाखवायला क्रिकेटचा गुणफलक फार सोयीचा आहे. फलंदाजीची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले बाद झाल्याची संख्या. डाव कितीही असोत, खाली बाद होणे मोजतात. डॉन ब्रॅडमन यांच्या कसोटी धावा ६९९६, डाव ८०, त्यांत १० वेळा नाबाद, म्हणून ६९९६ ला ७० ने भागून ९९.९४ येतात. आता एका स्पर्धेतले तीन खेळाडू घ्या. पहिला एकदाच खेळला आणि भोपळ्यावर बाद झाला: ० ÷ १ = ०, सरासरी शून्य. दुसरा एकदा खेळून ३५ वर नाबाद राहिला: ३५ ÷ ०, सरासरी काढता येत नाही. तिसऱ्याची फलंदाजी आलीच नाही: ० ÷ ०, काही म्हणायला आधारच नाही. तक्त्यात पहिल्यापुढे ०.०० असते आणि बाकी दोघांपुढे आडवी रेघ. दुसऱ्यापुढे शून्य छापले तर त्याच्यावर अन्याय होईल हे चौथीतल्या मुलालाही पटते, आणि '० वेगळे, रेघ वेगळी' हा मुद्दा मनात बसतो.

हीच तीन उत्तरे जुन्या ग्रंथांतही आहेत

मुले जी चुकीची उत्तरे देतात ती भारतीय गणितातल्या थोर लोकांनी देऊन पाहिलेली आहेत, आणि हे मुलांना अवश्य सांगावे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्याच्या क्रियांचे नियम पद्धतशीर मांडले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आपण आज करतो तसेच आहेत. पण शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे तो म्हणतो, आणि इतर संख्येला शून्याने भागल्यास तिला 'तच्छेद', म्हणजे शून्य छेद असलेली राशी, म्हणून तशीच ठेवतो. नवव्या शतकात महावीराने गणितसारसंग्रहात संख्येला शून्याने भागले तर ती बदलत नाही असे लिहिले, म्हणजे लाडवांच्या डब्याचे उत्तर, १२. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' हे नाव दिले. 'ख' म्हणजे शून्य, 'हर' म्हणजे छेद. तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, ती अनंत आहे, असे त्यांनी सांगितले. चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडलेल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथात एक कोडे आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात तिचे अर्धे मिळवले, तीनने गुणले, शून्याने भागले, तर ६३ आले. संख्या कोणती? उत्तर १४ दिले आहे. १४ चे अर्धे ७, मिळून २१, तिप्पट ६३. भास्कराचार्यांनी गुणणारे शून्य लगेच वापरले नाही, पुढच्या क्रिया होईपर्यंत राखून ठेवले आणि शेवटी भागणाऱ्या शून्याशी ते काटले. आजच्या शाळेच्या नियमाने १४ × ० झाले की १४ ची खूणही उरत नाही, त्यामुळे परीक्षेत हे करायचे नाही. पण शून्याकडे जाणारी लहान राशी वर आणि खाली दोन्हीकडे असेल तर तिचे काय करायचे, या पुढे अकरावी-बारावीत भेटणाऱ्या प्रश्नाचा वास त्याला आहे.

शून्य भागाकाराच्या मध्ये

रोजच्या वहीत सर्वात जास्त गुण जातात ते इथे. ४२१८ ÷ ६ सावकाश करू या.

आधी भागाकारात किती अंक येणार ते काढा. ६ ने ४ ला भाग जात नाही, म्हणून सुरुवात ४२ पासून. ४२ च्या पुढे १ आणि ८ हे दोन अंक उरले. म्हणजे भागाकारात एक अधिक दोन, तीन अंक. भागाकाराच्या जागी तीन आडव्या रेघा आखा: _ _ _ . हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि शून्याच्या निम्म्या चुका त्याने टळतात.

६ साते ४२. पहिल्या रेघेवर ७, खाली बाकी ०. आता १ खाली उतरवा. ६ ने १ ला भाग जात नाही. नेमके इथेच मूल म्हणते, 'जात नाही, मग पुढचा उतरवू', आणि ८ उतरवून १८ करते, ३ चा भाग लावते आणि ७३ वर थांबते. 'भाग जात नाही' याचा अर्थ 'शून्य वेळा जातो' असा आहे, म्हणून दुसऱ्या रेघेवर ० लिहायचे. सुरुवातीचे काही दिवस ६ × ० = ० हेही खाली लिहून १ − ० = १ अशी वजाबाकी करायला लावा. जागा थोडी जाते, पण शून्यही इतर अंकांसारखाच मान घेतो. मग ८ उतरवा, १८ झाले, ६ त्रिक १८, तिसऱ्या रेघेवर ३. उत्तर ७०३.

नियम एवढाच: सुरुवात झाल्यावर उतरवलेल्या प्रत्येक अंकाला भागाकारात एक अंक द्यायचा. दोन अंक एकदम उतरवले तर मध्ये शून्य राहिले असे समजा.

ताळा: ७०० × ६ = ४२००, ३ × ६ = १८, एकूण ४२१८. आणि ७३ × ६ = ४३८, म्हणजे हजारांच्या जागी शेकडे. नुसता अंदाज घेतला असता, ४२०० ला ६ ने भागले तर ७०० च्या आसपास, तरी ७३ डोळ्याला खुपले असते.

शेवटची शून्ये याहून जास्त हरवतात, कारण बाकी शून्य आली की मुलाला काम संपल्यासारखे वाटते. ९६१८ ÷ ३२ करा. ३२ त्रिक ९६, बाकी ०. पुढे १ आणि ८ आहेत, म्हणजे रेघा तीन. १ उतरवला, भाग जात नाही, ०. ८ उतरवला, १८ झाले, ३२ पेक्षा लहान, पुन्हा ०. भागाकार ३००, बाकी १८. रेघा आखल्या नसतील तर वहीत 'भागाकार ३, बाकी १८' दिसते. ८०४० ÷ ८ मध्ये मधली दोन शून्ये लागोपाठ येतात आणि उत्तर १००५ आहे. १५ किंवा १०५ ही त्याची नेहमीची चुकीची रूपे.

उलट चूकही होते. ८४ ÷ ४ मध्ये ८ ला भागल्यावर उरलेली बाकी ० भागाकारात उचलून ठेवली जाते आणि २१ च्या जागी २०१ येते. ती रोखायलाही रेघाच पुरतात, कारण दोन रेघांवर तीन अंक बसत नाहीत. चौकटींच्या वहीत एका चौकटीत एक अंक लिहिला की अंक आपापल्या स्थानाखाली राहतात, म्हणून हा धडा साध्या रेघी वहीत घेऊ नये.

दशांशातही गोष्ट तीच आहे, फक्त किंमत जास्त मोजावी लागते. १२.०६ ÷ ३ चे उत्तर ४.०२. मधले शून्य विसरले की ४.२. दोन्हींत अठरा शतांशांचा फरक आहे, आणि मोजमाप औषधाचे असेल तर तो सोसवणारा नाही. ३ ÷ ४० मध्ये ३ ला भाग जात नाही, ० लिहून दशांशचिन्ह द्या. ३० झाले, तरी जात नाही, पुन्हा ०. ३०० झाले, ७ वेळा, २८० गेले, उरले २०. २०० झाले, ५ वेळा. उत्तर ०.०७५. दशांशचिन्हाच्या लगेच नंतरचे शून्य गाळून ०.७५ लिहिणे ही इथली ठरलेली चूक. ताळा घेतला की कळते, ४० × ०.७५ = ३०, हवे होते ३.

शून्ये काटताना

४५००/९०० मध्ये वरची दोन आणि खालची दोन शून्ये काटून ४५/९ = ५. 'काटणे' म्हणजे दोन्हींना १० ने किंवा १०० ने भागणे, हे पुन:पुन्हा बोलून दाखवा. ते विसरले की मुले १०५/२०५ मधली मधली शून्ये काटून १५/२५ करतात. १०५ ला १० ने पूर्ण भाग जातच नाही, तर काटणार काय? खरा संक्षेप ५ ने, २१/४१. शेवटची शून्येही वर आणि खाली सारख्या संख्येनेच काटायची. ४०५०/९०० मध्ये एकच जोडी निघते, ४०५/९०, आणि उत्तर ४.५.

बाकी विचारली असेल तेव्हा काटण्यात एक खड्डा आहे. ७०० ÷ ४०० ची शून्ये काटून ७ ÷ ४, भागाकार १, बाकी ३. भागाकार बरोबर, बाकी चूक. ₹७०० खिशात आहेत आणि तिकीट ₹४०० चे आहे. एक तिकीट काढले तर ₹३०० उरतात, ₹३ नव्हे. जेवढी शून्ये काटली तेवढी बाकीला परत जोडायची.

भाजकात दशांश असेल तर दोन्हीकडे सारख्या संख्येने गुणा. ६ ÷ ०.०५ म्हणजे दोन्हींना १०० ने गुणून ६०० ÷ ५ = १२०. उत्तर ६ पेक्षा मोठे आले म्हणून मूल बिचकते. त्याला विचारा, सहा रुपयांत पाच-पाच पैशांची किती नाणी? एका रुपयात वीस, सहात एकशेवीस.

उलटताना लपणारे शून्य

अपूर्णांकाने भागताना आपण भाजक उलटून गुणतो. ३/४ ÷ ०/५ समोर आले की हात आपोआप ५/० करतो, मग १५/० येते, आणि तिथून कुणी १५ लिहिते, कुणी ०. म्हणून उलटण्याआधी भाजकाच्या अंशाकडे पाहावे. तिथे ० असेल तर भाजकच शून्य आहे, पुढे जायचे नाही. शून्याला गुणाकार व्यस्त नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी १ येत नाही. उलट ०/५ ÷ ३/४ मध्ये काही अडचण नाही: ०/५ × ४/३ = ०/१५ = ०.

बीजगणितात अक्षरामागे

इथे शून्य दिसतच नाही, म्हणून मोठी मुलेही फसतात. अ = ब मानून चाललेला हा प्रसिद्ध 'पुरावा' पाहा:

अ = ब
अ² = अब
अ² − ब² = अब − ब²
(अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब)
अ + ब = ब
२ब = ब
२ = १

चूक शोधायची सोपी युक्ती म्हणजे किंमत घालून एकेक ओळ तपासणे. अ आणि ब दोन्ही ३ घ्या. चौथी ओळ होते ६ × ० = ३ × ०, बरोबर आहे. पाचवी ओळ होते ६ = ३, चूक. म्हणजे चौथीवरून पाचवीकडे येताना गडबड झाली. तिथे दोन्ही बाजूंना (अ − ब) ने भागले, आणि ते शून्य आहे.

परीक्षेत हे साध्या वेषात येते. क्ष² = ५क्ष यात दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहिले की क्ष = ० हे दुसरे उत्तर हातचे जाते. भागू नका, एका बाजूला आणा: क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा ५. उलट क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) यात क्ष = २ हे उत्तर निघते, पण ते घातले की दोन्ही छेद शून्य होतात, म्हणून या समीकरणाला उत्तर नाही. छेदात अक्षर असेल तर गणित सुरू करण्याआधी समासात 'क्ष २ नाही' अशी नोंद करून ठेवा.

एक्सेलमध्ये आणि प्रोग्रॅममध्ये

संगणकावर १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार दशांश संख्यांत १ ÷ ० चे उत्तर 'अनंत' आणि ० ÷ ० चे 'संख्या नव्हे' असे मिळते, म्हणजे दोन्ही प्रकार तिथे वेगळे ठेवले आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मात्र दोन्ही वेळा प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या जहाजावर माहितीच्या एका रकान्यात शून्य भरले गेले, त्याने भागाकार झाला आणि जहाज चालवणारी यंत्रणाच बंद पडली. म्हणून भागाकाराआधी भाजक तपासण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये असायलाच हवी.

एक्सेलमध्ये छेदाचा रकाना रिकामा असला तरी तो शून्य धरला जातो आणि 'डिव्ह शून्य'ची त्रुटी उमटते. ती झाकायला सरसकट 'इफएरर' सूत्र लावून ० दाखवणे ही वाईट सवय आहे. त्याने सूत्रातल्या इतर चुकाही झाकल्या जातात, आणि ते खोटे शून्य पुढच्या हिशोबात शिरते. दोन मुलांना ८० आणि ६० गुण, तिसरे गैरहजर. सरासरी ७०. गैरहजराच्या जागी ० बसले की ४६.६७. त्याऐवजी 'इफ' सूत्राने आधी छेद शून्य आहे का ते तपासा, आणि असेल तर रकान्यात रेघ दाखवा.

टक्केवारीतही तसेच. गेल्या महिन्यात विक्री ₹०, या महिन्यात ₹५,०००. अहवालात 'वाढ १०० टक्के' असे लिहिलेले हमखास आढळते. ताळा घ्या: शून्याचे १०० टक्के शून्य, ते शून्यात मिळवले तर शून्य, ५,००० नव्हे. पाया शून्य असेल तेव्हा टक्के काढायचेच नाहीत, रकान्यात '₹५,००० ची वाढ' असे रुपयांतच लिहायचे.